सोनूसाठी आबांचा फ्लेक्स

आबांचा फोटो जरा मोठा करून घ्यावा, एवढंच मी ठरवलं होतं. कुणाला रडवावं असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. पण आमच्या पेणकरपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये अजूनही कुणी भेटलं की आधी हसतं आणि मग विचारतं, "काकी, आबा बरे आहेत ना?"

(मी शाळेची पायरी चढलेली नाही. मी सांगतेय आणि माझी सून संघप्रिया लिहून घेतेय. त्यामुळे सुनेबद्दल जे येईल ते चांगलंच येईल.)

तर आमचा नातू सोनू. सव्वादोन वर्षांचा झाला तरी बोलेना. कळायचं सगळं. बाहेर जायचं असलं की माझी चप्पल आणून माझ्या पायाशी ठेवायचा. तोंडातून मात्र एकच, "उं." भुकेचा उं वेगळा, रागाचा वेगळा, रिक्षा दिसल्याचा वेगळा. मला तिन्ही ओळखू यायचे, त्यामुळे माझं काही अडत नव्हतं. अडलं ते नांदेडच्या विहीणबाईंचं, म्हणजे संघप्रियाच्या आईचं, प्रयागबाईंचं. फोनवर म्हणाल्या, "मी येते आन लेकराला सहा महिने घेऊन जाते. इथं गल्लीभर लेकरं हायत, आपसूक बोलंल. तिथं बंद खोलीत बोलंल कुणाशी?"

"माझ्याशी!" मी म्हटलं.

"तुम्ही बोलू दिलं तर ना," त्या म्हणाल्या.

(हे लिहू नको म्हटलं होतं. लिहिलंच.)

मुलगा संघर्ष नोकरीला, सून नोकरीला. दिवसभर घरात मी, माझे मालक म्हणजे आबा, आणि सोनू. दुपारी तो माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपतो. सोडवायला गेलं की झोपेतच मूठ आवळतो. ती मूठ मी नांदेडला पाठवू? आणि मागे राहून काय करू? आबांकडे बघत बसू? ते तर पंचेचाळीस वर्षं बघतेय, काही फरक पडलेला नाही.

मी म्हटलं, "विहीणबाई, एक महिना द्या. नंतरच्या रविवारी या. पोरगं बोललं नाही तर खुशाल न्या." बोलून गेले खरी, पण फोन ठेवल्यावर दिवस मोजायला बसले.

मीरा रोडला लहान पोरांना बोलतं करणारी एक मॅडम बसते. तिनं सोनूला तपासलं, कान तपासून आणायला लावले, सगळं ठीक निघालं. मग मला म्हणाली, "आजी, मोबाइलवर कार्टून लावून त्याला एकट्याला बसवू नका. फोन घ्यायचाच तर घरचे फोटो काढा, घरचे व्हिडिओ काढा. रोज दिसणारी माणसं, रोजच्या वस्तू. एका फोटोत एकच गोष्ट, मागे पसारा नको. मांडीवर घेऊन दाखवा. छोटी वाक्यं, सावकाश. 'हे कोण?' विचारा आणि मग गप्प बसा. मनात दहा मोजा. त्याला वेळ द्या."

"समजलं सगळं," मी म्हटलं. (शेवटचं सोडून.)

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. तांब्या, उलथणं, पंखा, आबांचा चष्मा, सगळ्यांचे फोटो काढले. प्रत्येकात माझा अंगठा. सोनूला मांडीवर घ्यायची. "हे काय? सांग, हे काय?" आणि मोजायला लागायची. एक... दोन... तीनला जीभ पुढं पळायची. "तांब्या! तांब्या आहे रे राजा, माझ्या आईनं दिलेला, लातूरच्या बाजारातला, तेव्हा मामा बैलगाडीतनं पडला होता..." मामा गाडीतनं पडेपर्यंत सोनू मांडीवरनं उतरून गेलेला असायचा.

व्हिडिओसुद्धा काढले. गॅसवर दूध ठेवलं, फोन धरला आणि सावकाश म्हणाले, "दूध... वर... आलं. दूध... उतू... चाललं."

आबा बाहेरून ओरडले, "अगं मग गॅस बंद कर!"

"थांबा! वाक्य पुरं होऊ दे!"

वाक्य पुरं झालं. दूध राहिलं नाही.

तीन आठवडे गेले. सोनू "उं" वरच. रविवार आठ दिवसांवर आला आणि माझी झोप उडाली. तेवढ्यात मला दिसलं की नाक्यावर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचे ते एवढाले फ्लेक्स लागतात ना, त्यांच्याकडे सोनू आनंदानं बोट दाखवतो. मी म्हटलं, अस्सं! लेकराला चेहरा मोठा लागतो. फोनमध्ये आबा बोटाएवढे दिसतात, ओळखणार कसा? आणि आबा त्याचे सगळ्यात लाडके.

आबांचा पेन्शनच्या कागदावरचा फोटो घेतला आणि थेट केबिन रोडला फ्लेक्सवाल्याकडे गेले. आबांना सांगितलं नाही. त्यांना काही सांगितलं की ते आधी "कशाला?" म्हणतात.

फ्लेक्सवाला भला माणूस. फोटो बघून हळू आवाजात म्हणाला, "आंटी, ये आपके कौन?"

"मालक है हमारे. ये बडा करने का. एकदम बडा. नातू ने पहचानना मंगता. आज्जा को भूलना नहीं चाहिए."

त्यानं मान खाली घातली. "क्या तकलीफ थी इनको?"

"तकलीफ कुछ नहीं. घुटना था फक्त."

"घुटने से?"

"बहोत सताया घुटने ने."

मग त्यानं नमुने दाखवले. अक्षरं मला कळत नाहीत, मी चित्रावर गेले. एकात फुगे होते, एकात तलवारी, एकात छान पांढरी फुलं आणि मधोमध पेटलेली समई. मी समईवर बोट ठेवलं. शोभिवंत होतं, मागे पसाराही नव्हता.

"कार्यक्रम कब है?"

म्हटलं, याला कसं कळलं विहीणबाई येणार ते? "इतवार. ग्यारह बजे. घर पे ही."

"और किसकी तरफ से?"

"सोनू की तरफ से."

डोळे पुसत त्यानं पत्ता लिहून घेतला. म्हणाला, "आप तकलीफ मत लेना, मैं खुद आके बाँध दूँगा."

शनिवारी दुपारी शेवटचा व्हिडिओ काढला. आबा जेवून आडवे झाले होते. हनुवटी वर, हात छातीवर, तोंड जरासं उघडं. मी मॅडमसारखी सावकाश म्हणाले, "आबा... झोपले. आबा... उठा. आबा... उठा ना." आणि चक्क थांबलेसुद्धा, कारण फोन तेवढ्यात हँग झाला होता.

रविवारी सकाळी आबा आणि संघप्रिया विहीणबाईंना आणायला दादरला गेले. संघर्षची ड्युटी होती. मी म्हटलं, वाटेत विहीणबाईंना माझी पद्धत दिसू दे, म्हणून तो व्हिडिओ सुनेला पाठवला. सुनेचा फोटो आणि आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा फोटो दोन्ही निळे आहेत. (संघप्रिया म्हणते, अजिबात सारखे नाहीत. तिला वाचता येतं, तिला काय जातं म्हणायला.)

साडेदहाला खालच्या मजल्यावरची शेवंती आली. पांढरी साडी, डोळे सुजलेले. पांढऱ्याचं मला काही वाटलं नाही. आमच्याकडे बुद्धवंदनेला पांढरं, लग्नातही पांढरं. मला वाटलं, सोनूच्या परीक्षेला पोरगी नटून आली.

"काकी," तिनं मला मिठी मारली, "कधी झालं?"

"काल दुपारी. जेवले, आडवे झाले. मी म्हटलं हीच वेळ. फोन घेतला."

"आधी फोन घेतलात?"

"मग! असा चान्स परत येतो का? तीनदा घेतला. पहिल्या दोन वेळेला अंगठा आला."

शेवंती खुर्चीवर बसली. "उठवून बघितलं नाहीत?"

"उठवलं असतं तर सगळं बिघडलं नसतं का?"

"आत्ता कुठंयत?"

"दादरला. संघप्रिया घेऊन गेलीय. अकरापर्यंत आणेल परत."

"परत आणणार?"

"मग तिथंच सोडून येतात का कुणी?"

ती पाणी न पिताच माझा हात धरून मला खाली घेऊन गेली. सोनू माझ्या कडेवर. गेटवर बघते तर काय, आबा! सहा फुटी! भोवती फुलं, समई तेवतेय. इतके देखणे ते लग्नातही दिसले नव्हते. माझा ऊर भरून आला. आणि समोर ही गर्दी. वॉचमन सदू, दुधवाला, चार मजल्यांची माणसं, आणि हार घेऊन गावातले परशुराम. ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या वडलांची, आबांबरोबर रोज कट्ट्यावर बसतात.

"वैनी," परशुराम हार सावरत म्हणाले, "काल सकाळी माझ्या संगती चाय पिला. असा कसा झाला? माझा तं इस्वास बसत न्हाय."

"माझाही बसत नाहीये," मी म्हटलं. एका पोराच्या बोलण्यासाठी एवढी माणसं! "तुमच्या पाठिंब्यानं होईल सगळं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई धीराची आहे, असं कुणीतरी म्हणालं.

परशुरामांनी हार फ्लेक्सवर चढवला. फोटोला हार बघून मला पहिल्यांदा शंका आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आता दोन मिनटं समद्यांनी शांत उभं रावाचं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवंतीनं माझा हात इतका घट्ट दाबला की माझा शब्द आतच राहिला. मी गप्प. एक... दोन... तीन... पाच... आठ... दहा. सोनूच्या जन्मापासून त्याच्याजवळ इतकं शांत कधीच झालं नसावं. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बंद आहे याची खात्री केली. मग फ्लेक्सकडे बोट केलं.

"आबा."

स्पष्ट. गोड. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळ्यांना वाटलं, आत्ता कुठं बांध फुटला. कुणी मान वर केली नाही. तेवढ्यात गेटसमोर रिक्षा थांबली. आधी विहीणबाईंची पिशवी उतरली, मग गुडघा धरत, कण्हत आबा उतरले.

सोनूनं टाळी वाजवली. "आबा उठले!"

माना वर झाल्या. सदूची काठी पडली. परशुराम एक पाऊल मागे सरकले आणि आबांना नावानं हाक मारून म्हणाले, "तात्याराव... तू हाय का न्हाय?"

आबांनी फ्लेक्स वाचला. शांतपणे वाचला. मग संघप्रियानं मोठ्यानं वाचला, मला कळावं म्हणून. "भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, सोनू आणि परिवार."

मी जमिनीकडे बघत उभी. आम्ही अपशकुन मानत नाही, पण लाज मानतो.

आबा माझ्याकडे वळले. "फोटो तरी बरा द्यायचा होतास," एवढंच बोलले. मग परशुरामांना म्हणाले, "आलाच आहात तर चहा घेऊन जा."

विहीणबाईंचं या कशाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी सोनूला ओढून घेतलं. "बोललं की गं लेकरू! मी पाय ठेवला आन बोललं! माझा पायगुण!" सोनू राहणार होता, पायगुण कुणाचा का असेना. चार दिवस राहून त्या एकट्याच परत गेल्या. फ्लेक्स आता आमच्या हॉलमध्ये आहे, अक्षरं मागे दुमडून. सोनू उतरवू देत नाही.

पुढच्या महिन्यात मॅडमकडे गेलो. सोनूनं तिला आबा, तांब्या, रिक्षा, दूध उतू, सगळं सांगितलं. मॅडम खूश. "आजी, काय केलंत नेमकं?"

मी सगळं सांगितलं. तांब्यापासून सुरुवात केली, मामा गाडीतनं पडला तेही सांगितलं. पाऊण तासानं मॅडमनं सोनूची फाईल बंद केली. म्हणाली, "याला आता यायची गरज नाही. तुम्ही मात्र दर शनिवारी येत जा."

मला फार लागलं ते. मी उत्तर देणार, तोच सोनूनं माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

"आजी, दहा."

तेव्हापासून रोज मोजतेय. कालपर्यंत माझी मजल सहापर्यंत गेलीय.