वाटीतला सातवा आठवडा

मंगळवारी सकाळी अण्णांनी सातवा आठवडा खाल्ला. चहा उकळेपर्यंत तोंडाला चाळा हवा म्हणून, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या वाटीत एकटाच पडलेला शेंगदाणा उचलला आणि तोंडात टाकला.

“अहो!” बाई किंचाळल्या.

“काय झालं? एक दाणा तर होता.”

बाईंनी मुकाट्याने डब्यातून दुसरा दाणा काढून वाटीत ठेवला. सांगणार तरी काय? आपल्या नवऱ्याला, म्हणजे अण्णांना, काहीही सांगायचं नाही, असा शब्द त्यांनी सुनेला दिला होता.

बाईंनी शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या तरी घरीदारी त्या बाईच राहिल्या. अण्णांना मात्र गल्लीने नाव ठेवलं होतं भोंगा. त्यांच्या कानात शिरलेली बातमी दूध उतू जायच्या आत कोपऱ्यावरच्या दुकानात पोचलेली असे. गेल्या वर्षी सुनेला दिवस गेले, ते सहाव्या आठवड्यात गल्लीभर झालं. आठव्या आठवड्यात सगळं संपलं. बातमी मात्र संपली नाही. पुढे दोन महिने जिन्यात, दुकानात, ऑफिसात, “कितवा गं?” आणि दर वेळी त्या पोरीने नव्याने सांगायचं.

यंदा ती म्हणाली होती, “आई, तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला नाही. अण्णांना तर नाहीच. पुन्हा सगळ्यांना सांगत फिरायची ताकद नाही माझ्यात.”

रोज सकाळी ऑफिसला निघताना ती हळूच विचारायची, “आत काय चाललं असेल हो?”

“सुरुवातीला एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ,” बाई वर्गात सांगावं तसं सांगत. “पण आकार तेवढाच हं. भावाभावांनी घर वाटून घ्यावं तसं. खोल्या वाढतात, जागा तेवढीच. मग सहासात दिवसांनी चांगली जागा बघून चिकटतं. जुन्या भाडेकरूसारखं. मग हलायचं नाव नाही.”

सून हसली आणि मधेच थांबली. “मागचं हललं.”

त्या दिवसापासून बाईंनी विनोद बंद केले आणि वाटी काढली. शाळेत करायच्या तेच. चौथ्या आठवड्याला खसखशीचा दाणा, पाचव्याला तीळ, सहाव्याला मसूर. दर मंगळवारी जुनं काढायचं, नवं ठेवायचं. सून वाटीत डोकावायची, “एवढं झालं?” म्हणायची आणि मग तिचा पाय घराबाहेर पडायचा.

पण शेंगदाण्यापासून अण्णांचं लक्ष वाटीवर गेलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी विचारलं, “हा एकच राजमा शिजवणार?”

“राहू द्या.”

“कशाला?”

“असाच.”

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते त्यांना फारच वाईट जमे. त्यापुढच्या मंगळवारी वाटीत द्राक्ष आलं. त्या काळी घरात फोन एकच, तोही पॅसेजमध्ये. अण्णा स्वतःच्या समजुतीने दबक्या आवाजात बहिणीला सांगत होते, “अगं, हिचं काही खरं नाही. वाटीत एकच दाणा मांडून ठेवते. आधी शेंगदाणा होता, आता द्राक्षावर आलीय. दुखणं वाढतंय गं!”

संध्याकाळी बहीण बॅग घेऊन दारात हजर.

“वहिनी, मी कोण?”

“वन्सं, तुम्ही माझं डोकं खायला आलेल्या आहात.”

“ओळखतात अजून,” नणंदेने भावाला धीर दिला.

मग खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या मावशीने पिठाच्या डब्यात चपला ठेवल्या होत्या, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. बाईंना खुर्चीत बसवून आजचा वार, नातेवाइकांची नावं आणि सतराचा पाढा विचारण्यात आला. बाईंनी सगळं बरोबर सांगितलं.

“पाठांतर शाबूत आहे,” काकू उसासल्या. “मास्तरणींचं ते शेवटी जातं.”

बाई ऐकत राहिल्या. एकतीस वर्षं पोरांना ओरडूनही त्या इतक्या दमल्या नव्हत्या. ‘तीनच आठवडे,’ त्या स्वतःला बजावत होत्या. ‘वेडी तर वेडी.’

दहाव्या आठवड्याचा मंगळवार. वाटीत खजूर. काकू सकाळीच विचारपूस करायला आल्या होत्या. “ही ब्यादच नको घरात,” म्हणत नणंदेने वाटी उचलली आणि मोरीकडे निघाली. तेवढ्यात पर्स खांद्याला लावून सून दारात आली. खिडकी रिकामी बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंचा धीर सुटला. “ठेवा ती खाली! बाळाचं माप आहे ते! दहावा आठवडा चाललाय हिचा!”

नणंद, काकू, अण्णा, तिघंही समोर. बाईंना जीभ तोडून टाकावीशी वाटली. सुनेकडे बघायचं धाडस होईना.

नणंदेने खजूर अलगद जागेवर ठेवला आणि बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. “हो हो, वहिनी. बाळाचंच माप. दहावा आठवडा, बरं का.” मग काकूंकडे वळून डोळे टिपत म्हणाली, “मागच्या वेळचं फार लागलंय हो मनाला.”

अण्णांनी नाक पुसलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते शब्द निघाले, “हे घराबाहेर जायला नको.”

सून पदराआड तोंड लपवून जिना उतरली. रडतेय असं सगळ्यांना वाटलं. कित्येक महिन्यांनी ती मनापासून हसत होती.

नणंद गेली. अण्णांनी खरोखरच कुणाला काही सांगितलं नाही. उलट दर मंगळवारी बायकोचं मन राखायला तेच बाजारातून आणू लागले. अकराव्याला अंजीर. बाराव्याला सगळी टोपली उपसून निवडलेलं लिंबू.

“हे चालेल ना गं?”

“चालेल. ठेवा.”

त्याच दिवशी सून डॉक्टरीणबाईंकडून आली. “अण्णा, जरा बसा,” म्हणाली आणि सगळं सांगितलं.

अण्णांनी वाटीतलं लिंबू उचलून तळहातावर घेतलं. “म्हणजे तो शेंगदाणा...”

“हो अण्णा.”

“आता सांगू ना सगळ्यांना?” त्यांनी अगदी चाचरत विचारलं. सुनेने मान डोलावली. अण्णा पॅसेजकडे धावले.

“अगं, ऐकलंस का! ती वाटी खरी होती! बाळ आहे! लिंबाएवढं झालंय!”

पलीकडून बहिणीचा थकलेला आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

“दादा, तूसुद्धा? थांब. बॅग भरते.”