झिपरू नानांचा धुळीतला पाट

झिपरू नाना बोलायच्या आधी काठीने जमीन झाडायचे. मग त्या धुळीत आमचा अख्खा पाट काढायचे: हा बंधारा, हे वळण, हा शेवट. मधून कोंबडी चालत गेली की सगळं पुसून पुन्हा बंधाऱ्यापासून.

गोष्ट साहेबाच्या राज्यातली. आमचं गाव पांझरा नदीच्या पाटावर पिकायचं. पावसाळा सरला की पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, हा वाडवडिलांचा रिवाज, आणि नाना त्याचे प्रमुख. त्या साली गाळ तसाच होता, आणि माझं शेत पाटाच्या पार शेवटी, तिथवर पाणी पोचेना. वीतभर गहू मान टाकायला लागलेला. बंधाऱ्याजवळच्यांच्या शेतात मात्र बेडूक डुंबत होते.

रोज सकाळी नानांच्या ओट्यापुढे बैठक. नाना स्वतः घोंगडी अंथरायचे, सुपारी कातरायचे. "पहिले आखनी, मंग खननी!" सगळे माना डोलवायचे, सुपारी चघळायचे, घरी जायचे. तीन आठवडे हेच. मी दुसरी नापास माणूस, पण मला बसवेना. डोळे मिटले तरी पिवळा गहू दिसायचा.

एके दिवशी उठलोच. "नाना, खोदी कोन?"

"बठ्ठा खोदतीन, अख्खं गाव."

"बठ्ठा म्हणजे कोनीच नही!"

"सुपडू, बस रे भो. तुले काय घाई शे?"

"मले नही, गव्हाले शे!"

लोक हसले. मी मात्र तडक घरून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा आणला. पाटाच्या कडेने वीस-वीस पावलांवर एकेक काडी रोवली आणि प्रत्येक काडीपाशी ओरडून एकेकाचं नाव घेतलं. पहिली काडी माझी, बंधाऱ्याच्या तोंडाशी, जिथे गाळ कमरेएवढा. उतरलो आणि खणायला लागलो. पाण्याला जाणाऱ्या बायका न खणलेल्या तुकड्यांपाशी थांबून विचारू लागल्या, "हाऊ न खोदेल तुकडा कोना शे वं?" दुपारपर्यंत फावडी निघाली. नाना काठी घेऊन सगळ्यांना "वाकडं शे, वाकडं शे" म्हणत फिरले. चौथ्या दिवशी माझ्या गव्हात पाणी शिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताठ मानेने नानांकडे निघालो. आखणीवाचून काम होतं, हे तोंडावर सांगायचं होतं.

घोंगडी अंथरलेली होती. ताटलीत दहाबारा जणांची सुपारी कातरून ठेवलेली. नाना एकटेच. नानांची बायको, आमच्या काकू, उन्हाळ्यात वारल्या, तेव्हापासून त्या घरात भांडं वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण हे माझ्या ध्यानात आलं ते तेव्हा, ती ताटली बघून.

"आज कोनी उनं नही," नाना रिकाम्या घोंगडीकडे बघत म्हणाले.

शेतात माझी पाण्याची पाळी चालू होती. तरी मी घोंगडीवर बसलो.

"नाना, वळणापाशी माती परत ढासळी. पुढल्या साली कसं करानं?"

नानांनी काठी उचलली. जमीन झाडली. बंधारा काढला, वळण काढलं, शेवटापर्यंत आले, तेवढ्यात कोंबडी आली.

मी तिला हाकललं नाही.