गाठपुऱ्याचे पाट बंद जाहले त्याची हकीकत

श्री. जे तांबडे पाणी कोणी न सांगता अष्टौप्रहर वाहते, त्यास दंडवत. राज्य नऊ दरवाज्यांचे, नाव लिहीत नाही, जाणत्यास इतके पुरे. राज्याचे बावन्नावे वर्षी, भाद्रपद मासी, पोटातले प्रांती गाठपुरा म्हणोन वस्ती उठली. लोक आपलेच, बोली आपलीच, परंतु भूक आवरेना. आणि त्यांणी तांबडे पाणी मागावयास चिठ्या धाडिल्या, आणि म्हाळू बेलदाराने पाट खणोन दिले. बेलदारांचा रिवाज ऐसा की, शिक्का दिसला की कुदळ उचलावी, चिठी कोणाची हे पुसू नये. पुसले असते तर आम्हांस ही लेखणी झिजवावी न लागती. मग वस्ती फुगली आणि शेजारची गावे काळवंडो लागली.

मग वैद्यांनी शिरेवाटे औषध आत धाडिले, त्या औषधाचे नाव आडराव. त्यांणी तलवार उपसली नाही, गाठपुऱ्यास बोटही लाविले नाही. वाटेवर बसले आणि पाट मागणारी हरएक चिठी धरून ठेविली. मग पाट आटले, आणि गाठपुरा गप्प जाहला, आणि त्या गप्पपणाचे भय गलबल्याहून अधिक वाटो लागले. परंतु राज्याचे तटास वैद्यांचे सुरीने पूर्वीच खिंडार पडले होते, तेही पाटावाचून बुजेना. म्हाळूची लेक भिवरा त्या खिंडाराशीच नांदत होती. मग म्हाळू आडरावांकडे जाऊन म्हणाला, "सरकार, माझ्या लेकीची एवढी एक चिठी सोडा. पाणी न पोहोचले तर पोर हातची जाते." आडरावांनी दोन चिठ्या पुढे ठेविल्या आणि बोलिले, "एक तुझ्या लेकीची, एक गाठपुऱ्याची. ओळख आणि ने." दोहोंवर शिक्का तोच, अक्षर तेच, मजकूरही एकच: बाबा, तहान लागली. म्हाळूने उजेडात धरून पाहिल्या, वास घेऊन पाहिला, आणि दोन्ही होत्या तेथे परत ठेविल्या. चुकीची उचलावी तर राज्य बुडते. मग एकही उचलिली नाही, आणि घागर खांद्यावर घेऊन तटाकडे चालू लागला. थेंबे थेंबे तळे साचे, हे म्हणावयास ठीक.

सारांश, राज्य राहिले. गाठपुरा वाळोन बोराएवढा उरला, मेला ऐसे लिहवत नाही. भिवरा आश्विन वद्य पंचमीस वारली, आम्हांस फार वाईट वाटले. आडराव अद्याप वाटेवर बसतात, आणि भिवरा गेली तरी चिठ्या रोज दोनच येतात.