साळवीमामांचा वॉर्ड

साळवीमामा शेळीला पेशंट म्हणतात आणि शेळीच्या मालकिणीला नातेवाईक. मी पहिल्यांदा माझी चांदी त्यांच्याकडे नेली तेव्हा ती लंगडत होती. मामांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून समोर घेतलं आणि विचारलं, "पेशंटचं नाव?"

"चांदी."

"सोबत कोण?"

"मी."

"नातं?"

मी चांदीचं दावं हाताला गुंडाळत राहिले. मी तशीही चारचौघांत बोलायला घाबरते. मामांनी थोडी वाट बघितली, मग स्वतःच लिहिलं, 'आई'. पेन कानामागे खोचून म्हणाले, "चपला बाहेर काढा." आत म्हणजे त्यांच्या खोलीमागची पत्र्याची शेड. खाली सगळीकडे लेंड्या. मी अनवाणी आत गेले.

आमची चाळ विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे. मागे रेल्वेची भिंत आणि भिंतीला लागून झाडझुडूप, त्यामुळे तीन-चार घरांत शेळ्या आहेत. मामा मूळचे चिपळूणकडचे. एका मोठ्या इस्पितळात आयुष्यभर वॉर्डबॉय होते. रिटायर झाले आणि वॉर्ड घरी घेऊन आले.

शेडमधल्या खुंट्यांना नंबर आहेत. दोन नंबरची खुंटी म्हणजे बेड नंबर दोन. प्रत्येक खुंटीवर कपड्यांच्या चिमट्याने केसपेपर लावलेला. खोकणाऱ्या शेळीला वेगळं बांधतात आणि मध्ये कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर टांगतात. त्या हसऱ्या पुढाऱ्यामागे आयसोलेशन. भेटायची वेळ चार ते सहा. एकदा पवारकाकू पाला घेऊन पाच मिनिटं आधी आल्या, तर त्यांना दारातच उभं केलं.

"अहो मामा, माझीच शेळी आहे ती!"

"सगळे असंच सांगतात," मामा म्हणाले.

हाताला मात्र गुण आहे. चांदीचा खूर वाढून आत घाण कुजली होती. मामांनी खूर कातरला, आतून साफ केला आणि पाय मोरचुदाच्या पाण्यात धरून ठेवला. चार दिवसांत पोरगी उड्या मारायला लागली. शेळी सुकायला लागली की ते तिची खालची पापणी ओढून बघतात. आतून लाल असेल तर ठीक. पांढरट असेल तर पोटातले जंत रक्त पितायत. मग सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारून जंताचं औषध, तेही वजन करूनच. "अंदाजपंचे चालणार नाही." वजनासाठी शेळीला उचलून भंगारवाल्याच्या काट्यावर नेतात.

"मामा, इसका क्या भाव लगाऊँ?" भंगारवाला हसतो.

"पेशंट है. तमीज से."

कोणी त्यांना डॉक्टर म्हटलं की रागावतात. "मी डॉक्टर नाही, स्टाफ आहे. डॉक्टर राउंड मारून जातो. स्टाफ थांबतो."

मागच्या सर्वपित्री अमावस्येची गोष्ट. चाळीतल्या बायकांनी पितरांची पानं पाण्याच्या टाकीवर ठेवली, कावळे तिथेच बसतात म्हणून. हात जोडले आणि सगळ्या घरात गेल्या. मी नळावर भांडी घासत होते. चांदीने दावं सोडवलं, पायऱ्यांनी टाकीवर गेली आणि एका दमात चाळीच्या सगळ्या पितरांचं जेवण उरकून मोकळी झाली. मी धावत पोचले तेव्हा टाकीवर नुसत्या पत्रावळी उरल्या होत्या.

दुपारपर्यंत तिचं पोट डावीकडून फुगून टम्म झालं. रवंथ बंद, मान खाली, नुसती दात खात उभी. त्यात ती गाभण, पहिलटकरीण. मी रडतच तिला मामांकडे नेलं. मामांनी पोटावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि सरळ डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आधी काय खाल्लं आणि किती खाल्लं ते कळू दे. भात भरपूर गेला असेल तर जिवावरचं आहे, लगेच टेम्पो करून आणा. थोडा असेल तर सोडा पाजून तिथेच सांभाळा, रस्त्याचे धक्के तिला नकोत.

मामांनी माझ्या हातात कागद-पेन दिलं. "हिस्टरी घ्या. प्रत्येक पानावर काय होतं, किती होतं. खरं खरं."

मला कोणाच्या दारात जावं लागलं नाही. बायका भांडायला आपणहून आल्या. मामा तेव्हा कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून बाटलीने चांदीला पाजत होते. तिची मान मी धरली होती.

"मान वर नको. फुप्फुसात जाईल. गालातून, घोट घोट."

"माझ्या सासूबाई उपाशी राहिल्या हिच्यामुळे!" पवारकाकू दारातूनच ओरडल्या.

"भात किती होता?" मामांनी विचारलं.

"ताटभर! वर वडे, खीर..."

"काकू, पेशंट गाभण आहे."

काकूंचा आवाज खाली आला. "एक मूद. आणि अर्धा वडा. बाकीचे पोरांनी संपवले."

नलूताई म्हणाल्या, "आमच्या पानावर पण मूदभरच. आणि नानांची बिडी."

"पेटवलेली?"

"नाही हो, नुसती!"

"लिहा. बिडी एक, न पेटवलेली."

जाधववहिनींच्या पानावर खीर नव्हती, कारण मामंजींना शुगर होती. एकीने तर सासऱ्यांना वडापाव ठेवला होता आणि नवऱ्याला पुरणपोळी सांगितली होती. भांडायला आलेल्या बायका एकमेकींचं ऐकून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी लिहीत गेले. सहा घरं झाली. पण टाकीवरच्या पत्रावळी मी स्वतः उचलल्या होत्या.

"मामा, पत्रावळी सात होत्या."

मामा चांदीची डावी कूस चोळत होते. हात थांबला नाही. "एक माझं लिहा."

मामा एकटेच राहतात. मंडळी कुठे असतात विचारलं की 'गावाला' म्हणायचे. इतकी वर्षं आम्ही तेच धरून चाललेलो.

"काय होतं, मामा?"

"मऊ भात. मेतकूट. मीठ कमी."

"किती?"

"दोन चमचे. त्याहून जास्त जात नव्हतं तिला."

मी लिहिलं.

पवारकाकूंनी हळूच विचारलं, "कावळा शिवतो का हो?"

"बाजूच्या पानात वडा असताना?" मामा म्हणाले. "मी बघत असतो लांबून. नाही येत."

त्यांचे दोन्ही हात कामात होते, म्हणून हिस्टरी फोनवर मीच वाचून दाखवली. बिडीपण सोडली नाही. डॉक्टर म्हणाले, एवढाच भात असेल तर निभावून जाईल, तिथेच ठेवा, फुगारा वाढला तर मी येतो. मामांनी चांदीचे पुढचे पाय पायरीवर चढवले आणि कूस चोळत राहिले. घाम गळत होता, पण दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चारच्या सुमाराला चांदीने असा ढेकर दिला की पवारकाकू दोन पावलं मागे सरकल्या. मग अजून एक. ऊन उतरायच्या आत तिचा जबडा हलायला लागला. मामांनी कॅलेंडरच्या पानावर लिहिलं, 'पेशंट स्टेबल. दोन दिवस फक्त सुकं गवत.'

बायका आपापल्या घरी गेल्या. मामा माझ्याकडे पाठ करून सोड्याची बाटली धुवत होते. बराच वेळ धूत होते.

"ताई," ते म्हणाले, "हिने पहिलं पान कुठलं खाल्लं, बघितलंत का?"

मी काहीच बघितलं नव्हतं. एरवी माझ्या तोंडून धड खरंसुद्धा बाहेर पडत नाही. त्या दिवशी मात्र पटकन, स्पष्ट बोलले.

"तुमचं."

मामांनी बाटली पालथी घातली. हात पुसले.

"बरोबर," म्हणाले. "उपाशीपोटी आधी हलकंच घ्यावं."