जनरलसाहेबांची तुऱ्याची टोपी

जुन्या लष्करी टोप्या जमवण्याचा नाद मला कसा लागला, ते विचारू नका. (बायको विचारून थकली.) जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारले, पण घरी कपाटात नऊ टोप्या! त्यातली एक खुद्द आमच्या ओळखीच्या जनरलसाहेबांची. उंच, काळी, केसाळ, वर लाल तुरा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी घर बदललं, तेव्हा त्यांची मुलगी ती अडगळीत काढत होती. मी मागून आणली.

त्या रविवारी ती घालून आरशासमोर उभा होतो, तेवढ्यात त्याच मुलीचा फोन.

"काका, बाबा पहाटे गेले. ती टोपी उशाशी ठेवा, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी. अकराला न्यायचंय."

फोन ठेवला. आदरानं मी टोपी जरा खाली ओढली. झालं! रुतली ती निघेना.

बायकोनं तेल लावलं, साबण लावला, शेवटी माझ्या खांद्यावर पाय रोवून ओढली.

"मान येतेय, टोपी येत नाही," ती म्हणाली. "असेच जा आता."

"मयताला?"

"टोपी त्यांचीच आहे ना? खाली तुमचं डोकं आहे, त्याला कोण काय करणार!"

गेलो. भर उन्हात, तुऱ्यासकट. अंगणातली माणसं बाजूला झाली. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. साहेबांचा म्हातारा अर्दली पुढे आला. डोळे लाल. ताठ झाला आणि खाडकन सलाम ठोकला. मला जन्मात कुणी सलाम केला नव्हता! गहिवरून मीही हात वर नेला.

"तुम्हाला नाही, टोपीला," तो पुटपुटला. "आणि ती उलटी घातलीय."

त्यानं ती अर्धी फिरवली. अलगद निघाली.

मुलीनं ती उशाशी ठेवली. एवढा मोठा माणूस, चेहरा केवढासा झाला होता. मी मागे बोडका उभा राहून रडलो. (तेलही डोळ्यांत गेलं होतं, खोटं कशाला बोलू?)

घरी येऊन बायकोला म्हटलं, "सहा वर्षं मी ती उलटी घालत होतो गं!"

"ठाऊक आहे. त्यांच्याकडे भिंतीवर फोटो पाहिला होता मी."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं माझ्या कपाळावरच्या वळावर ठेवायला ओला टॉवेल घेतला.

"एक तरी गोष्ट आपल्याला नीट जमते, असं वाटत होतं तुम्हाला. म्हटलं, वाटू दे."