सासऱ्यांच्या हॉप्सची बिअर

घरी बिअर करणं म्हणजे कॉफी करण्याइतकं सोपं, फक्त जरा धीर लागतो, असं मी सासऱ्यांना त्यांच्याच शेतात उभं राहून सांगितलं. अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात माझे सासरे ऑर्विल चाळीस वर्षं हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, पिकवत होते, आणि मी विमा कंपनीतला कारकून. त्यांच्या लेखी मला कुंडीतलं रोपही जगवता येत नव्हतं. तरी बोलून बसलो, "तुमच्या सत्तराव्या वाढदिवसाला तुमच्याच हॉप्सची कडू बिअर पाजतो."

त्यांनी सुकवलेल्या फुलांची पिशवी माझ्या हातात ठेवली.

मग मी जिद्दीला पेटलो. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं माल्ट उकळलं, फुलं टाकली. बिअर आंबेपर्यंत सगळ्या घराला ओल्या कुरणाचा वास येत होता. बाटलीत वायू होऊन फेस यावा म्हणून बाटल्या भरण्याआधी बिअरमध्ये थोडी साखर घालतात, तीही काट्यावर मोजून घातली. चाळीस बाटल्या पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या आणि दार लावून घेतलं.

वाढदिवसाच्या दुपारी जेवून ऑर्विल त्याच खोलीत आडवे झाले. अर्ध्या तासाने धाडकन आवाज झाला. मग दुसरा. मग लागोपाठ, मोजता येणार नाहीत इतके. ऑर्विल डोक्यावर उशी धरून सरपटत स्वयंपाकघरात आले आणि आम्हाला म्हणाले, खाली पडा, कोणीतरी गोळ्या झाडतंय. शेजारच्या बाईंनाही तेच वाटलं, आणि त्यांनी पोलिसांना फोन केला.

पोलीस आले, गाडीआड लपून कर्ण्यावरून ओरडले. मी ॲप्रन घालून, हात वर करून बाहेर गेलो आणि बिअरचा गुन्हा कबूल केला. पण एवढा स्फोट का व्हावा, ते मलाही कळेना. तेवढ्यात दारातून माझी बायको ग्रेटा हळूच म्हणाली, "डेल, साखर मीपण घातली होती. मला वाटलं, तू नेहमीसारखा विसरलास. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

पोलिसांमधल्या एका बाईंनी आत येऊन पाहिलं. कपाटाच्या दाराखालून फेस संथपणे गालिच्याकडे निघाला होता. एकच बाटली कशीबशी शाबूत होती. ती पोलीस बाईंनी जाड हातमोजे घालून अंगणात नेली आणि लांबून उघडली. कारंजं सफरचंदाच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलं. तळाशी उरलेले दोन घोट ऑर्विलनी कपात ओतून घेतले, तोंडात घोळवले.

"फुलं चांगली आहेत," ते म्हणाले.

बाईंनी वही काढली. स्फोटाचं कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

ऑर्विलनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "लिहा, जावई."