तीन ऋतूंची तीन गाठोडी

"बद्रीनाथले जायाले लागते काय? गाठोडं तेवढं नीट बांधता आलं पायजे," असं कस्तुराबाईनं साऱ्या आसेगावात सांगून टाकलं होतं. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. तिची सगळी मदार शेजारच्या नानीबाईवर, कारण नानीबाई एकदा जाऊन आली होती.

"तिथं सकाळी हिवाळा, दुपारी उन्हाळा, संध्याकाळी पावसाळा," नानीबाई म्हणाली. "एका दिवसात सारं वरीस उरकते, माय."

मग कस्तुराबाईनं एकेका ऋतूचं एकेक गाठोडं बांधलं. ऋतू तिला वऱ्हाडातलेच ठाऊक. उन्हाळ्याच्या गाठोड्यात उन्हाची लू लागू नये म्हणून कांदे आणि पन्ह्यासाठी कैऱ्या. पावसाळ्याच्या गाठोड्यात पोत्याच्या खोळी. हिवाळ्याच्या गाठोड्यात दोन गोधड्या आणि त्यांच्या मधोमध रामकिसनचा लोकरी कोट.

रामकिसन तिचा एकुलता एक मुलगा. वाशीमला शिकत होता, तापानं गेला. तेव्हापासून कोट खुंटीवरच होता. तो बद्रीनाथला एखाद्या कुडकुडत्या गरिबाच्या अंगावर घातला की पोराच्या जीवाला थंडी वाजणार नाही, हेही नानीबाईनंच सांगितलेलं. यात्रा खरी तेवढ्यासाठीच होती. तिचा नवरा जानराव नुसतं ऐकून घेई.

मंगरूळपीरच्या मोटारीवर गाठोडी चढवताना क्लीनर घामाघूम झाला.

"बुढे, यात्रेले चालली का बिऱ्हाड हलवून राह्यली?"

"तीन ऋतू हायेत त्यात, बापू. हळू उचल."

पहाडात हिवाळा भेटला, पावसाळा भेटला. उन्हाळा काही भेटला नाही. कैऱ्या सडल्या, कांद्यांना कोंब फुटले, तरी कस्तुराबाई ते गाठोडं टाकेना. न जाणो, पुढच्या वळणावर ऊन निघालं तर?

बद्रीनाथच्या धर्मशाळेच्या दारात एक म्हातारा हमाल थंडीनं कापत बसला होता. कस्तुराबाईनं मन घट्ट केलं आणि त्याच्यापुढं हिवाळ्याचं गाठोडं सोडलं. दोन गोधड्या निघाल्या. मधून धडाधड शेणाच्या गोवऱ्या पडल्या.

धर्मशाळा हसून लोटपोट झाली. "बुढीनं देवाले वऱ्हाडातून शेण आनलं!" सोबतच्या एका वऱ्हाडी यात्रेकरूनं ओरडून सांगितलं.

कस्तुराबाई नवऱ्याकडे वळली. "कोट कुठी हाये?"

जानराव खाली पाहत म्हणाला, "घरी. त्याच्या खुंटीले."

"अन् ह्या गोवऱ्या?"

"वजन भरलं पायजे न. तू उचलून पाह्यलं असतं."

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू बी म्हनली असती, राहू द्या घरीच. मंग इथवर आलो असतो कायले?"

एक गोधडी तिनं हमालाच्या अंगावर टाकली. तिला राग यायला हवा होता, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. कोट घरी होता. परतीच्या उतारावर ती जानरावाच्या पुढं चालत होती.

घरी आल्यावर पाहिलं तर खुंटी रिकामी.

नानीबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "कसे वं इसराळू तुमी? मुख्य जिन्नसच इथं राह्यली. किल्ली माह्यापाशी होती म्हनून बरं. तांड्यावरचा फुलसिंग कामाले परमुलखात चालला होता, त्याले देऊन टाकला कोट. तुमच्याच नावानं दिला, पुन्य तुमालेच."

जानराव उंबऱ्यावरच बसला. कस्तुराबाईनं ओठ दाबले, मग ती म्हणाली, "लय उपकार झाले, बाई."

त्या हिवाळ्यात मानोऱ्याच्या बाजारात कोट त्यांच्या पुढं चालताना दिसला. जानरावानं भरबाजारात बायकोचा हात धरला. आयुष्यात कधी धरला नव्हता. परमुलखातून परतलेला फुलसिंग वळला. दर सुगीला त्यांच्याच शेतात ज्वारी कापणारा माणूस तो; त्यानं लगेच ओळखून हात जोडले.

"कोट लय गरम हाये, माय. बाह्या तेवढ्या आखूड पडतेत."

कस्तुराबाईनं त्याची बाही धरून मनगटापर्यंत ओढून पाहिली. पुरली नाही.

"त्याले बी आखूडच पडत होत्या," ती म्हणाली.